मार्क ट्वेन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

मार्क ट्वेन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे टॉम सॉयरने मित्रांना गंडवून कुंपण रंगवून घेतलं तो प्रसंग आणि दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी येणारे त्याच्या नावाचे सुविचार. माणूस विनोदी होता हे खरंच, पण नुसता विनोदी असता तर एवढी वर्षं टिकला नसता. तो आतून जाम चिडलेला माणूस होता आणि कशावर चिडलेला होता ते खालच्या उत्तरांमधून हळूहळू येईलच.

मार्क ट्वेन हे खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. मिसिसिपी नदीवर बोटी चालायच्या तेव्हा पाण्याची खोली दोरीने मोजायचे आणि दोन वाव म्हणजे बारा फूट पाणी लागलं की मोजणारा "मार्क ट्वेन!" असं ओरडायचा, म्हणजे बोट जाऊ शकते. १८६३ च्या फेब्रुवारीत नेवाडातल्या एका पेपरात लिहिताना त्याने हे नाव पहिल्यांदा वापरलं.

धूमकेतूची गोष्ट खरी आहे की कोणीतरी नंतर जोडलेली?

खरी आहे. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसुरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या गावात (फ्लोरिडा राज्य वेगळं, गोंधळ करू नका), तेव्हा हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. १९०९ मध्ये तो स्वतःच म्हणाला की मी त्याच्यासोबत आलो, त्याच्यासोबतच जाईन, आणि २१ एप्रिल १९१० ला गेला, धूमकेतू तेव्हा परत आलेला होता. योगायोग आहे, त्यात ज्योतिष शोधू नका.

त्याचं लहानपण टॉम सॉयरसारखं मजेत गेलं का?

अर्धं हो. तो चार वर्षांचा असताना घरचे हॅनिबल या नदीकाठच्या गावी राहायला आले आणि टॉमच्या गोष्टीतलं सेंट पीटर्सबर्ग म्हणजे हेच हॅनिबल. गुहा, बेटं, नदी, उनाडक्या सगळं तिथलंच. हक फिनसुद्धा तिथल्याच टॉम ब्लँकनशिप नावाच्या मुलावर बेतलेला, बाप दारुडा, अंगावर धड कपडे नाहीत, शाळा नाही, आणि म्हणून बाकी सगळी पोरं त्याच्यावर जळायची.

पण दुसरं अर्धं बघा. मिसुरी हे गुलामगिरी चालणारं राज्य होतं आणि क्लेमेन्सच्या घरीही गुलाम असायचे. आत्मचरित्रात त्याने सँडी नावाच्या एका लहान गुलाम मुलाची आठवण सांगितलीय, जी एकदा वाचली की डोक्यातून जात नाही. हे पोरगं दिवसभर गायचं, शिट्ट्या मारायचं, ओरडायचं, शेवटी छोटा सॅम वैतागून आईकडे तक्रार घेऊन गेला की याला गप्प कर. आईच्या डोळ्यात पाणी आलं आणि ती म्हणाली की त्याची आई लांब राहिली, ती त्याला पुन्हा कधीच दिसणार नाही, तो गातोय म्हणजे निदान त्याला आत्ता आठवत तरी नाहीये, तो गप्प बसला की मला भीती वाटते. आता गंमत (गंमत कसली) अशी की हीच आई गुलामगिरीला चूक मानत नव्हती, कारण चर्चमध्ये तेव्हा सांगायचे की हे देवाला मान्य आहे. चांगल्या मनाची माणसं एवढी वाईट व्यवस्था बिनदिक्कत चालवतात कशी, हा प्रश्न ट्वेनला तिथेच चिकटला.

शिक्षण किती?

फार नाही. १८४७ मध्ये वडील वारले आणि लवकरच शाळा सुटली. छापखान्यात उमेदवारी, खिळे जुळवणं, मग मोठा भाऊ ओरायनच्या पेपरात काम. वाचन मात्र अफाट केलं. १९०७ मध्ये ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली तेव्हा स्वारी जाम खूश होती, त्या पदवीचा लाल झगा नंतर मुलीच्या लग्नातसुद्धा घातला.

बोट चालवायचा म्हणजे खलाशी होता का?

खलाशी नाही, पायलट. फरक मोठा आहे. १८५७ पासून होरेस बिक्सबी नावाच्या पायलटच्या हाताखाली तो शिकला, १८५९ मध्ये लायसन्स मिळालं. त्या काळात नदीत दिवे नाहीत, खुणा नाहीत, वाळूचे बंधारे सतत जागा बदलणार, त्यामुळे शेकडो मैल नदी तोंडपाठ पाहिजे, तीही जाताना वेगळी आणि येताना वेगळी आणि अंधारात तिसरीच. त्याच्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी' (१८८३) मधला हा शिकण्याचा भाग अप्रतिम आहे. मला विचाराल तर त्याच्या कादंबऱ्यांपेक्षाही तो आधी वाचा, एखादं कसब हाडात कसं मुरतं यावर इतकं चांगलं फार कमी जणांनी लिहिलंय.

याच दिवसांत त्याने धाकटा भाऊ हेन्रीला 'पेनसिल्व्हेनिया' बोटीवर नोकरी लावून दिली आणि १८५८ मध्ये त्या बोटीचा बॉयलर फुटला. हेन्री त्यात भाजून गेला. ही बोच ट्वेनला जन्मभर राहिली.

यादवी युद्धात तो लढला का? कुठल्या बाजूने?

लढला म्हणणं जास्तच होईल. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं, नदीवरची वाहतूक बंद पडली, नोकरी गेली, मग मित्रांसोबत दक्षिणेच्या (म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या) बाजूच्या एका गावठी पलटणीत जेमतेम दोन आठवडे काढले आणि सटकला. नंतर भावासोबत थेट नेवाडा. तिथे चांदीच्या खाणीत नशीब काढायला गेला, काही हाती लागलं नाही, म्हणून पेपरात लिहायला लागला आणि आपलं सगळ्यांचं भलं झालं.

पहिलं यश कशाने मिळालं?

१८६५ च्या उड्या मारणाऱ्या बेडकाच्या गोष्टीने नाव झालं, आणि १८६९ च्या 'द इनोसंट्स अब्रॉड' ने पैसा. ते प्रवासवर्णन आहे, 'क्वेकर सिटी' जहाजातून अमेरिकन टुरिस्टांचा ग्रुप युरोप आणि जेरुसलेमला गेला होता त्याचं, आणि ग्रुप टूरवर गेलेल्या कोणालाही त्यातली अर्धी माणसं ओळखीची वाटतील.

टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन, आधी कोणतं वाचायचं? मुलांना दोन्ही देऊ का?

आधी टॉम (१८७६), मग हक. टॉम दहा-बारा वर्षांच्या मुलाला बिनधास्त द्या. हकचं तसं नाही, ते दिसतं मुलांचं पुस्तक, आहे मोठ्यांचं, तेरा-चौदाच्या आधी नको आणि शक्यतो सोबत बसून बोलायची तयारी ठेवून द्या. मराठीत मुलांसाठी म्हणून ज्या कापून-छाटून काढलेल्या आवृत्त्या असतात त्यात नेमका महत्त्वाचा भाग गळून जातो आणि उरतो तो नुसता तराफ्यावरचा प्रवास.

हकलबेरी फिन एवढं ग्रेट का मानतात? नेमकं सांगा.

गोष्ट अशी की हक दारुड्या बापाच्या तावडीतून पळालाय आणि मिस वॉटसनचा गुलाम जिम मालकिणीकडून पळालाय, का तर ती आपल्याला दक्षिणेत विकणार असं त्याच्या कानावर आलंय. दोघं एका तराफ्यावरून नदीने खाली चाललेत. हक स्वतः बोलतोय, त्याच्या अडाणी, रांगड्या बोलीत, आणि त्या काळी अख्खी कादंबरी अशा मुलाच्या तोंडून सांगणं हेच धाडस होतं. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ मध्ये लिहिलं की सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून आलंय, ते या भाषेमुळे.

पण खरा गाभा एकतिसाव्या प्रकरणात आहे. हकला लहानपणापासून शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे नरक. तो मालकिणीला पत्र लिहितो की तुमचा जिम इथे आहे, येऊन घेऊन जा. लिहिल्यावर त्याला एकदम हलकं वाटतं, पापातून सुटल्यासारखं. मग तो विचार करत बसतो, जिम आपल्या वाटचा पहारा स्वतः करायचा म्हणजे आपल्याला झोप मिळावी, जिम आपल्याला जगातला एकुलता एक मित्र म्हणाला होता, असं सगळं आठवत जातं, आणि तो पत्र हातात धरून थरथरतो आणि म्हणतो, "ठीक आहे, मग मी नरकात जाईन", आणि फाडून टाकतो.

इथे लक्षात घ्या की हकला कधीच कळत नाही की आपण बरोबर वागलो. त्याला शेवटपर्यंत वाटतं आपण पापी. त्याची सदसद्विवेकबुद्धी समाजाने बिघडवून ठेवलीय आणि मन मात्र शाबूत आहे, आणि ट्वेन स्वतः मध्ये येऊन एक शब्द बोलत नाही. कुठलाही कमी ताकदीचा लेखक असता तर इथे हकच्या तोंडी गुलामगिरीविरुद्ध भाषण घातलं असतं.

मग त्यावर बंदी का घातली?

दोन वेगवेगळ्या काळात दोन वेगवेगळ्या कारणांनी, आणि लोक हे मिसळतात. पुस्तक इंग्लंडमध्ये डिसेंबर १८८४ ला आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ ला आलं. लगेच मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या लायब्ररीने ते काढून टाकलं, कारण भाषा गावंढळ आणि मुलांवर वाईट संस्कार. ट्वेन खूश, त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की याने आपल्या पंचवीस हजार प्रती नक्की खपतील.

दुसरा आक्षेप विसाव्या शतकातला आणि तो गंभीर आहे. पुस्तकात एन-वर्ड (काळ्या लोकांना दिली जाणारी अपमानास्पद इंग्रजी शिवी) दोनशेहून जास्त वेळा येतो. त्या काळचं मिसुरी जसं बोलायचं तसंच लिहिलंय हे बरोबर, पण वर्गात एकटाच काळा मुलगा बसलाय आणि बाकीचे मोठ्याने वाचतायत हा अनुभव कसा असेल याचा विचार न करता "क्लासिक आहे हो" म्हणणं मला पटत नाही. २०११ मध्ये अलाबामातल्या एका प्रकाशनाने तो शब्द काढून तिथे 'गुलाम' घालून आवृत्ती काढली, त्यावरही भरपूर भांडणं झाली. मला ती आवृत्तीही पटत नाही, शब्द पुसला की ज्या समाजाबद्दल पुस्तक चिडलंय तोच सभ्य वाटायला लागतो. पुस्तक पूर्ण ठेवा, शिकवण्याची पद्धत बदला.

आणि हो, पर्सिव्हल एव्हरेट यांनी हीच गोष्ट जिमच्या बाजूने सांगणारी 'जेम्स' ही कादंबरी २०२४ मध्ये लिहिली, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. हक वाचून झाल्यावर ती वाचाच.

शेवट फसलाय असं म्हणतात, खरं का? (शेवट माहीत नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा)

हो, माझ्या मते फसलाय. शेवटच्या भागात टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा पोरकट खेळ करून ठेवतो, आणि नंतर कळतं की जिम तर मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मोकळा झाला होता आणि टॉमला हे ठाऊक होतं. हेमिंग्वेनेही सांगून ठेवलंय की जिमला पळवून नेतात तिथे थांबा. काही अभ्यासक म्हणतात हा मुद्दाम केलेला उपहास आहे, युद्धानंतर कायद्याने मोकळ्या झालेल्या लोकांशी देश असाच खेळत होता म्हणून. असेल. पण वाचताना कंटाळा येतो तो येतोच. पुस्तक १८७६ ला सुरू करून मध्ये वर्षानुवर्षं बाजूला टाकत टाकत १८८३ मध्ये संपवलं, ते जाणवतं.

एवढा फेमस लेखक, मग दिवाळं कसं वाजलं?

मशिनच्या नादाने. जेम्स पेज नावाच्या माणसाने खिळे आपोआप जुळवणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. ट्वेन स्वतः खिळे जुळवत वाढलेला, त्यामुळे याचं वेड लागलं आणि त्यात त्याने जवळपास तीन लाख डॉलर ओतले, त्या काळचे! यंत्रात हजारो सुटे भाग, चाललं की भन्नाट चालायचं आणि बऱ्याचदा चालायचंच नाही, तोवर लायनोटाइप हे दुसरं खिळे जुळवणारं यंत्र आलं आणि मार्केट खाऊन गेलं. टेलिफोनमध्ये पैसे घालायची संधी मात्र आपण सोडली असं त्यानेच लिहून ठेवलंय. बोला आता.

त्याची स्वतःची प्रकाशन कंपनीही होती आणि तिने सुरुवातीला जोरदार धंदा केला. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट घशाच्या कॅन्सरने मरायला टेकलेले, कर्जबाजारी, त्यांच्या आठवणींचं पुस्तक ट्वेनने काढलं आणि त्यांच्या पत्नीला जवळपास साडेचार लाख डॉलर मिळवून दिले. पण नंतरचे अंदाज चुकत गेले आणि १८९४ मध्ये कंपनी बुडाली. स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स या बड्या उद्योगपतीने त्याचे व्यवहार सावरले. कायद्याने सगळे पैसे फेडायची गरज नव्हती तरी ट्वेनने ठरवलं की पै न पै फेडणार, आणि साठीच्या उंबरठ्यावर जगभर व्याख्यानं द्यायला निघाला. १८९८ पर्यंत फेडलेही.

म्हणजे याच दौऱ्यात तो मुंबईला आला?

हो, जानेवारी १८९६ मध्ये, सोबत बायको लिव्ही आणि मुलगी क्लारा. सिलोनहून बोटीने आला आणि वॉटसन्स हॉटेलमध्ये उतरला, म्हणजे काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची बिल्डिंग, जिला नंतर एस्प्लनेड मॅन्शन म्हणायला लागले आणि जी आता अगदी खंगलेल्या अवस्थेत आहे. (त्याच वर्षी जुलैमध्ये लुमिएर बंधूंचे सिनेमे याच हॉटेलात दाखवले, काय नशीब असतं एकेका बिल्डिंगचं.) नॉव्हेल्टी थिएटरमध्ये त्याचं व्याख्यान झालं. पुढे बडोदा, अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग असं बरंच फिरला. या सगळ्याचं पुस्तक म्हणजे १८९७ चं 'फॉलोइंग द इक्वेटर'.

मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलंय ते केवळ अफलातून आहे. हॉटेलच्या कठड्यावर बसून कावळे त्याच्याकडे बघत त्याचे कपडे, रंग, वागणं यावर आपसात चर्चा करतात, आणि ट्वेनचा निष्कर्ष असा की हा पक्षी मागच्या जन्मांमध्ये जुगारी, चोर, हेर, राजकारणी, ढोंगी, सुधारक, वकील असं सगळं होऊन आलाय. त्या यादीत त्याने व्याख्याता पण घातलाय, म्हणजे स्वतःलाही सोडलेलं नाही. नोकर ठेवला त्याचं नाव त्याला जमेना म्हणून त्याने 'सैतान' ठेवून दिलं आणि हा सैतान एक दिवस येऊन सांगतो की देव भेटायला आलाय! आले होते इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान, आणि त्यांना बोलायचं होतं हक फिनबद्दल.

पण त्याच हॉटेलात पहिल्या दिवशी जे घडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक धिप्पाड जर्मन माणूस खोल्या दाखवायला सोबत आला होता. गॅलरीच्या दाराचं काहीतरी काम होतं, एक नोकर गुडघ्यावर बसून ते करत होता, जर्मनाला ते आवडलं नसावं, त्याने काय चुकलं ते न सांगताच त्याच्या जबड्यावर एक ठेवून दिली. नोकर काहीच बोलला नाही, चेहऱ्यावर राग पण नाही. ट्वेन लिहितो की असं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणात तो मुंबईतून उडून आपल्या लहानपणात पोचला, कारण गुलामाला काय हवंय ते समजावायची तिकडे हीच पद्धत होती. आपले वडील, जे एरवी मऊ मनाचे, तेही घरच्या लुईस नावाच्या गुलाम मुलाला फालतू चुकांवरून मारायचे हे त्याला आठवलं. आणि दहा वर्षांचा असताना पाहिलेलं आठवलं की एका माणसाने आपल्या गुलामाला रागाने लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारला, काम वेंधळेपणाने केलं एवढ्यासाठी, आणि तो तासाभरात मेला. मारायचा त्याला हक्क होता हे तेव्हा आपण धरून चाललो होतो, तरी ते चूक वाटत होतं, पण का ते सांगता आलं नसतं, असं काहीसं तो लिहितो.

म्हणजे बघा, हकच्या मनातली ती ओढाताण ही कल्पनेतून आलेली नव्हती, आणि हक लिहून झाल्यावर बारा-तेरा वर्षांनी मुंबईतल्या एका थपडेने ती पुन्हा वर आली.

"भारत म्हणजे मानवजातीचा पाळणा" हे त्याचंच वाक्य का?

त्याचंच आहे, याच पुस्तकातलं. पण फॉरवर्डमध्ये अर्धंच येतं. त्याच दमात तो अफाट श्रीमंती आणि अफाट गरिबी, वैभव आणि चिंध्या, महाल आणि झोपड्या, दुष्काळ आणि रोगराई हेही म्हणतो, ते कापलेलं असतं. तसंच "काशी इतिहासाहून जुनी" या वाक्याचं, पूर्ण वाक्य असं की काशी इतिहासाहून, परंपरेहून, दंतकथेहूनही जुनी आहे आणि दिसते त्या सगळ्यांच्या बेरजेच्या दुप्पट जुनी. म्हणजे तो चेष्टा करत होता, आपण फ्रेम करून लावलं. काशीत तो भास्करानंद स्वामींना भेटला आणि त्यांना हकलबेरी फिनची प्रत भेट दिली, स्वामींनी वाचली का ते देव जाणे.

बाकीचे कोट्स?

जपून. "आयुष्यातला सगळ्यात थंड हिवाळा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा उन्हाळा" हे त्याच्या लिखाणात सापडत नाही. खोट्याचे तीन प्रकार, खोटं, धादांत खोटं आणि आकडेवारी, हे त्याने वापरलं पण श्रेय ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीला दिलं. स्वतःच्या मृत्यूच्या बातमीत अतिशयोक्ती आहे हे मात्र खरं, १८९७ चं, लंडनमधला एक नातेवाईक आजारी होता त्यावरून गोंधळ झालेला.

घरच्यांबद्दल सांगा ना.

हे वाचवत नाही, थोडक्यात सांगतो. १८७० मध्ये ऑलिव्हिया लँगडनशी लग्न, तिच्या माहेरचे गुलामगिरीविरोधी चळवळीतले, त्याचा ट्वेनवर मोठा परिणाम झाला. मुलगा लँगडन दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला. मोठी मुलगी सूझी ऑगस्ट १८९६ मध्ये मेंदूज्वराने गेली, दौरा नुकताच संपला होता आणि बाप इंग्लंडमध्येच. १९०४ मध्ये लिव्ही. १९०९ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी धाकटी जीन. मागे फक्त क्लारा राहिली, आणि तिच्या मुलीनंतर वंश संपला.

राजकारणात तो कुठल्या बाजूचा?

तरुणपणी खास काही नाही, म्हातारपणी मात्र भयंकर धारदार. अमेरिकेने फिलिपिन्स घेतलं त्याला जाहीर विरोध, १९०१ पासून मरेपर्यंत साम्राज्यवादविरोधी लीगचा उपाध्यक्ष. काँगोतल्या अत्याचारांवरून बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला १९०५ मध्ये सोलून काढलं. 'द वॉर प्रेअर' नावाची दोन-तीन पानांची युद्धविरोधी चीज आहे, ती त्याच्या हयातीत छापलीच नाही, १९२३ मध्ये आली, आजही कुठल्याही देशात चालेल. आणि नुसतं बोलला नाही, येलमध्ये वकिली शिकणाऱ्या वॉर्नर मॅकग्विन या काळ्या विद्यार्थ्याचा खर्च त्याने उचलला होता.

आत्मचरित्र शंभर वर्षांनी आलं ते काय प्रकरण?

मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याने पूर्ण मजकूर आपल्यामागे शंभर वर्षं छापू नका असं सांगितलेलं. तुकड्यातुकड्यांत बरंच आधी आलं होतं, पण पूर्ण तीन खंड २०१०, २०१३ आणि २०१५ मध्ये आले. विस्कळीत आहे, तारखांचा क्रम नाही, कुठूनही उघडा.

अमेरिकेत राहतो, बघण्यासारखं काय आहे?

कनेक्टिकटमधलं हार्टफर्डचं घर, जिथे तो १८७४ ते १८९१ राहिला, न्यू जर्सीतल्या मंडळींना एका दिवसात होतं. पण बरीचशी पुस्तकं तिथे नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात मेहुणीच्या शेतावर उन्हाळ्यात लिहिली. तिथली आठ कोनांची लिहायची खोली आता एल्मायरा कॉलेजच्या आवारात आहे आणि त्याची कबरही त्याच गावात. हॅनिबल लांब पडतं आणि जरा टुरिस्टी झालंय.

पुस्तकं फुकट मिळतात का?

हो, कॉपीराइट कधीच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर जवळपास सगळं आहे, चित्रांसकट. हकची बोली सुरुवातीला डोळ्यांना जड जाते, तेव्हा ऑडिओबुक लावा, कानाला ती पटकन कळते. आणि 'फॉलोइंग द इक्वेटर' अख्खं वाचायचं नसेल तर अडतिसाव्या प्रकरणापासून चालू करा, मुंबई तिथून सुरू होते.